अर्ध्या दिवसात फिरणारी दीर्घिका

नाशिकमध्ये एका ग्रहाचा फेरा पोराटोरांनाही ठाऊक असतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. २०१५ नंतर आता २०२६-२७. बारा वर्षे हा आकडा आपण व्यवहारापुरता धरतो. सूर्याभोवतीची गुरूची फेरी खरे तर ११.८६ वर्षांत पुरी होते. दर फेरीला शिल्लक राहणारे सात आठवडे साठत जातात आणि सात फेऱ्यांत, म्हणजे सुमारे ८४ वर्षांत, अख्ख्या वर्षाचा फरक पाडतात. दुसरा आकडा घराघरांतला आहे, साडेसातीचा. शनीला तीन राशी ओलांडायला लागणारा हा काळ. बारा राशींना त्याला २९.४६ वर्षे लागतात, त्याचा चौथा हिस्सा ७.३७ वर्षे. साडेसातीने कुणाचे काय बिघडते हा या पुस्तकाचा विषय नाही, पण तिच्या लांबीचे गणित चोख आहे.

गुरू एका राशीत वर्षभर राहतो, शनी अडीच वर्षे. शनीचा रस्ता लांबचा आहे हे कारण लगेच सुचते, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. शनीची कक्षा गुरूच्या कक्षेच्या १.८ पट लांब आहे, वेळ मात्र जवळजवळ अडीचपट लागतो. शनी चालतोही सावकाश. गुरू सेकंदाला १३ किलोमीटर जातो, शनी ९.७ किलोमीटर. योहानेस केप्लरने १६१९ मध्ये मांडलेला नियम हाच: मधोमध एक जड वस्तू असेल, तर जवळून फिरणारा वेगात जातो आणि लांबून फिरणारा सावकाश.

ग्रह एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर दूर आहेत, म्हणून या वेगफरकाचा त्यांना जाच होत नाही. आता आठ ग्रहांऐवजी असंख्य कण आहेत आणि ते एकमेकांना खेटून फिरताहेत असे समजा. प्रत्येक कणाच्या आतल्या बाजूचा शेजारी त्याला मागे टाकून जातो आहे, बाहेरच्या बाजूचा मागे रेंगाळतो आहे. हे घासणे कधीच थांबत नाही. अशा रचनेला खगोलशास्त्रात तबकडी म्हणतात. सूर्य जन्मला तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी होती, तिच्यातूनच आपण आलो. कृष्णविवरात पडणारा वायू आधी तबकडीच्या रूपात गरगरतो. आपली आकाशगंगा हीसुद्धा ताऱ्यांची आणि वायूची तबकडीच आहे. तिचे वस्तुमान मध्यभागी एकवटलेले नाही, म्हणून तिथे केप्लरचा नियम जशाचा तसा चालत नाही. तरी आतल्या ताऱ्याची फेरी बाहेरच्याच्या आधीच पुरी होते.

या सगळ्या तबकड्यांत एकच अशी आहे, जिच्याजवळ माणसाने कॅसिनी नावाचे यान पाठवून तेरा वर्षे मुक्काम ठोकला: शनीचे कडे.

कड्याची ओळख व्हायलाच फार वेळ लागला. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना काहीतरी दिसले आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाले, तेव्हा तो चक्रावून गेला. कडे आपल्या नजरेच्या रेषेत आडवे आले होते, एवढेच. साधारण पंधरा वर्षांनी असे होतेच. २०२५ मध्ये ज्यांनी दुर्बिणीतून शनी पाहिला त्यांना कड्याच्या जागी बारीक रेघ दिसली असेल. क्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये ही चपटी वर्तुळाकार रचना आहे असे छापून सांगितले आणि जाँ-डोमिनिक कॅसिनीला १६७५ मध्ये तिच्यातली काळी फट दिसली. पण ही रचना कशाची? घन पदार्थाची की द्रवाची? जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५६ च्या अॅडम्स पारितोषिकासाठी लिहिलेल्या निबंधात गणिताने दाखवले की अखंड घन कडे तुटेल, द्रवाचे कडे थेंबाथेंबांत फुटेल. टिकू शकेल ते फक्त सुट्या कणांचे कडे. पुरावा आला १८९५ मध्ये. अमेरिकेतल्या अॅलेगेनी वेधशाळेत जेम्स कीलरने कड्याचा वर्णपट घेतला. घन चाक असते तर बाहेरची कड जास्त वेगात असती. वर्णपटातल्या रेषांचा कल बरोबर उलटा निघाला. आतली कड वेगात, बाहेरची सावकाश, केप्लरच्या हिशेबाने अगदी मोजून.

आजचे आकडे असे आहेत. कॅसिनीच्या फटीच्या आत असलेल्या 'बी' कड्याची आतली कड शनीच्या केंद्रापासून ९२,००० किलोमीटरवर आहे. तिथला कण सेकंदाला २० किलोमीटरने धावतो आणि आठ तासांच्या आत एक फेरी मारतो. फटीबाहेरच्या 'ए' कड्याची बाहेरची कड सुमारे १,३६,८०० किलोमीटरवर. तिथे एका फेरीला चौदा तासांहून थोडे अधिक लागतात. कण बहुतांशी पाण्याच्या बर्फाचे, वाळूच्या दाण्यापासून घराएवढ्या ढेकळापर्यंत. जाडी मात्र जागोजागी दहा मीटरच्या आसपास. पावणेतीन लाख किलोमीटर व्यास आणि दहा मीटर जाडी! दहा हजार पटींनी लहान करून पाहिले, तर नाशिक ते त्र्यंबकेश्वर एवढ्या व्यासाची चकती आणि तिची जाडी एक मिलिमीटर.

इतके चपटे कशामुळे? कण वरखाली हलत असला तर प्रत्येक फेरीत तो कड्याची पातळी दोनदा ओलांडतो आणि कुणाला ना कुणाला धडकतो. धडकेत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, वरखाली हालचाल मरते. गोल फिरण्याची गती मात्र अशी मरत नाही. तिचे जे माप असते, कोनीय संवेग, ते एकाने गमावले की दुसऱ्याला मिळते. एकूण बेरीज कायम राहते. म्हणून खचायची मुभा फक्त वरखाली दिशेला आहे. ग्रहजनक तबकडी याच कारणाने चपटी होते, पण तिच्यातला वायू ऊबदार असतो आणि त्याचा दाब तिला फुगवून ठेवतो. तिची जाडी त्रिज्येच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढी राहते. शनीच्या कड्यात दाब देणारा वायू जवळजवळ नाहीच. तबकडी किती थंड होऊ शकते याची ही टोकाची स्थिती.

त्याच धडकांतून तबकडीचा सगळ्यात महत्त्वाचा व्यवहार चालतो. आतला वेगवान कण बाहेरच्या मंद कणाला घासतो आणि पुढे ढकलतो. ढकलला गेलेला कण कोनीय संवेग मिळवतो, त्यामुळे बाहेरच्या कक्षेत सरकतो. ढकलणारा तो गमावतो आणि आत घसरतो; गंमत म्हणजे घसरल्यावर त्याचा वेग वाढतो, कारण आतली कक्षा वेगाचीच. संवेग बाहेर, वस्तुमान आत, तबकडी दोन्हीकडे पसरत जाते. डोनाल्ड लिंडेन-बेल आणि जेम्स प्रिंगल यांनी १९७४ मध्ये हे गणित तबकड्यांसाठी नीट मांडले. याच मार्गाने तारा आपल्याभोवतीचा वायू गिळून वाढतो, याच मार्गाने कृष्णविवराला खाद्य मिळते. हे घासणे जितके जोरात, तितका पुरवठा वेगात. त्या जोराला श्यानता म्हणतात, आणि सगळे घोडे तिथेच पेंड खाते. वायूच्या तबकडीत रेणूंच्या धडकांची श्यानता इतकी क्षुल्लक आहे की तिच्या भरवशावर एकही तारा वेळेत तयार होणार नाही. म्हणून निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव यांनी १९७३ मध्ये 'अल्फा' नावाचा एक आकडा गृहीत धरून काम भागवले. भोवरे असतील, चुंबकीय क्षेत्र असेल, कारण काहीही असो, परिणाम अल्फाएवढा. पुढे १९९१ मध्ये स्टीव्हन बॅल्बस आणि जॉन हॉली यांनी त्यामागचे एक भक्कम कारण दिले, चुंबकीय क्षेत्रामुळे उद्भवणारी अस्थिरता. तिचे मूळ गणित येवगेनी वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये करून ठेवलेले होते. तबकड्यांशी त्याचा संबंध जोडायला आणखी तीस वर्षे गेली. तरीही वायूच्या तबकडीत ती श्यानता थेट मोजणे अवघडच राहिले. शनीच्या कड्यात ती मोजता येते. कशी, ते पुढे येते आहे. त्यासाठी आधी दीर्घिकांकडे वळायला हवे.

भुजा आणि तरंग

सर्पिल दीर्घिकेच्या भुजा पाहून कुणालाही वाटते की या भुजा म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या रांगा. तसे असते तर आतला भाग लवकर फिरत असल्याने भुजा गुंडाळत गेल्या असत्या आणि थोड्याच फेऱ्यांत त्यांचा मागमूस उरला नसता. १९६४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये चिआ-चिआओ लिन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी फ्रँक शू यांनी यावर तोड सुचवली: भुजा ही वस्तू नाही, तो तरंग आहे. तारे भुजेत शिरतात, तिथे काही काळ दाटी होते, मग ते बाहेर पडतात. दाटीची जागा स्वतःच्या वेगळ्या गतीने फिरत राहते. दाटीचे गुरुत्व शेजारच्या ताऱ्यांना ओढते, त्यामुळे पुढची दाटी तयार होते. याला घनता-तरंग म्हणतात.

कल्पना सुंदर होती, पण पडताळायची कशी? सूर्याला आकाशगंगेभोवती एक फेरी मारायला बावीस ते पंचवीस कोटी वर्षे लागतात. जन्मापासून आजवर त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या असतील. आपल्याला दीर्घिका दिसते ती चित्रासारखी, गोठलेली. भुजा पुढच्या फेरीत टिकते की विरते, हे पाहायला कुणी थांबू शकत नाही. उलट गॅलिलिओने पाहिल्यापासून आजवर शनीच्या 'बी' कड्याने साडेतीन लाखांहून अधिक फेऱ्या मारल्या आहेत. तबकडीचे जे सिद्धांत दीर्घिकेत तपासता येत नाहीत ते इथे तपासता येतात, ते यामुळे.

पीटर गोल्डराइक आणि स्कॉट ट्रिमेन या दोघांनी १९७८ मध्ये नेमके तेच केले. त्यांनी लिन-शू यांचे दीर्घिकेसाठीचे गणित उचलले आणि शनीच्या कड्याला लावले. इथे तरंग उठवणारे हात आधीच ठाऊक होते, शनीचे उपग्रह. मिमास हा उपग्रह शनीभोवती २२ तास ३७ मिनिटांत फिरतो. 'बी' कड्याच्या बाहेरच्या कडेवरचा कण साधारण त्याच्या निम्म्या वेळात. म्हणजे कणाच्या दर दोन फेऱ्यांनंतर मिमास त्याला त्याच ठिकाणी गाठतो आणि त्याच दिशेने ओढतो. एकेक ओढ नगण्य, पण ती नेहमी एकाच तालात पडते आणि साठत जाते. याला अनुनाद म्हणतात. कॅसिनीने पाहिलेली काळी फट बरोबर तिथेच सुरू होते.

ग्रह-उपग्रहांच्या फेऱ्यांमधल्या अशा पूर्णांकी नात्यांची भुरळ आपल्याकडच्या एका माणसालाही पडली होती. केतकी पंचांगाचे वेंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी लाप्लासने गुरूच्या उपग्रहांसाठी केलेल्या गणिताच्या धर्तीवर बाहेरच्या ग्रहांचा हिशेब मांडला आणि १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे भाकीत छापले: फेरी सुमारे २४२ वर्षांची. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याची फेरी २४८ वर्षांची आहे आणि नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत त्याच्या दोन होतात. केतकरांचे भाकीत कितपत गणिताने आणि कितपत नशिबाने जुळले, यावर वाद घालता येईल. अनुनाद ही नुसती आकड्यांची गंमत नाही, ग्रहांना बांधून ठेवणारी ती गोष्ट आहे, ही त्यांची जाण मात्र पक्की होती.

नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ शनीजवळून गेले. चित्रे आली तेव्हा कड्यात शेकडो बारीक रेषा दिसल्या आणि त्यांतल्या काही ठरावीक रीतीने जवळजवळ येत जाणाऱ्या होत्या. पुढच्याच वर्षी जेफ्री कुझी, जॅक लिसाउअर आणि फ्रँक शू यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की कॅसिनीच्या फटीतली एक अशी मालिका म्हणजे सर्पिल घनता-तरंग आहे, आणि तो ७९ दिवसांत शनीला फेरी मारणाऱ्या दूरच्या आयापेटसने उठवला आहे. शू तोच, दीर्घिकांच्या भुजांवर सतरा वर्षांपूर्वी लिहिणारा. ऑगस्ट १९८१ मध्ये व्हॉयेजर-२ ने याहून सफाईदार काम केले. कड्याच्या पलीकडे येणाऱ्या एका ताऱ्याकडे यानावरचा प्रकाशमापक रोखून ठेवला आणि तारा कड्याआडून सरकताना त्याच्या प्रकाशाचे चढउतार नोंदवले. सुमारे शंभर मीटरपर्यंतचा तपशील मिळाला. तो तारा होता डेल्टा स्कॉर्पी, म्हणजे आपल्या अनुराधा नक्षत्रातला. त्या एका नोंदीत तरंगांवर तरंग निघाले.

हे तरंग दीर्घिकेच्या भुजांसारखे ऐसपैस दिसत नाहीत. संपूर्ण कड्याचे वस्तुमान शनीच्या पावणेचार कोटीव्या हिश्शाएवढे, मिमासच्याही चाळीस टक्केच. तबकडी केंद्राच्या मानाने जितकी हलकी, तितकी तिची सर्पिले घट्ट गुंडाळलेली. इथे दोन वळणांमधले अंतर काही किलोमीटर ते काही दशकिलोमीटर. डोळ्याला ती समकेंद्री वर्तुळेच वाटतात. गणित लावल्यावर सर्पिल उलगडते.

आणि गणित लावले की तीन गोष्टी हाती येतात. तरंगाची जागा सांगते तो कुणी उठवला. शिखरांमधले अंतर किती झपाट्याने कमी होत जाते यावरून कड्याच्या एका चौरस मीटरमध्ये किती माल आहे ते कळते. 'ए' कड्यात साधारण ४०० किलो. तरंग किती दूर जाऊन विरतो यावरून श्यानता. वायूच्या तबकडीत जी अल्फा नावाने गृहीत धरावी लागते, ती इथे तरंगाच्या विरण्यातून वाचता येते. कड्याचे वजन करणारा तराजू आणि घासण्याचे माप घेणारे साधन, दोन्ही त्या कड्यातच.

सगळ्या तरंगांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो जेनसचा. जेनस आणि एपिमेथियस हे दोन उपग्रह जवळजवळ एकाच कक्षेत फिरतात. फरक जेमतेम पन्नास किलोमीटरचा. आतला बाहेरच्याला गाठत येतो आणि धडक होण्याऐवजी दोघांच्या गुरुत्वाने कक्षांची अदलाबदल होते. दर चार वर्षांनी हा प्रकार घडतो. प्रत्येक अदलाबदलीला जेनसचा अनुनाद 'बी' कड्यात किंचित सरकतो आणि तिथून बाहेर निघणाऱ्या तरंगावर त्याची खूण उमटते. तरंग इतका सावकाश पुढे जातो की जुन्या खुणा पुसल्या जाण्याआधी नव्या उमटतात. कॅसिनी यानाने ४ जून २०१७ रोजी या तरंगाचे चित्र घेतले. त्यात आतून बाहेर नजर फिरवली की आपण मागच्या काळात जातो. चित्राच्या दूरच्या टोकाला असलेली शिखरे व्हॉयेजर याने शनीजवळून गेली त्या सुमाराची आहेत.

गुठळ्या

तबकडी स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळून गुठळ्या का होत नाही? १९६४ मध्येच अॅलर टूम्रे यांनी याचे उत्तर एका गुणोत्तरात बसवले. गुठळी व्हायला माल दाट हवा. कणांची इकडेतिकडे होणारी हालचाल तिला विस्कटते, आतल्या-बाहेरच्या वेगांतला फरक तिला ताणून फाडतो. गुणोत्तर १ च्या बरेच वर असेल तर तबकडी शांत, १ च्या खाली गेले तर कोसळते. 'ए' कड्यात ही तिन्ही बळे अगदी अटीतटीला आली आहेत. कण सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असले तरी एकमेकांच्या सापेक्ष त्यांची हालचाल सेकंदाला काही मिलिमीटरच आहे. म्हणून गुठळ्या धरतात, आणि शनीचे ओढणे व वेगफरक त्यांना लगेच तिरपे ताणून मोडतो. टूम्रे यांच्या सूत्रात 'ए' कड्याचे आकडे घातले की गुठळीचे माप ६० मीटरच्या आसपास येते. कॅसिनी यानाने ताऱ्यांचा प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी कड्यातून पाहिला तेव्हा याच मापाच्या तिरप्या पट्ट्या आढळल्या. तेच सूत्र आकाशगंगेच्या वायूला लावले तर माप निघते काही हजार प्रकाशवर्षांचे.

दीर्घिकेत एक भानगड जास्त आहे. तिथे तारे आणि वायू एकत्र राहतात. तारे भरधाव हालणारे, वायू थंड. फिलिप सॉलोमन यांच्याबरोबर १९८४ मध्ये चंदा जोग यांनी दाखवले की तारे एकटे स्थिर असले आणि वायूही एकटा स्थिर असला, तरी दोघे मिळून तबकडी अस्थिर होऊ शकते. थोडासा थंड वायू शांत दिसणाऱ्या ताऱ्यांना गोत्यात आणतो. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जोग यांनी एका बाजूला कललेल्या दीर्घिकांवर बरेच काम केले. सर्पिल दीर्घिकांपैकी सुमारे तिसरा हिस्सा अशा बेढब असतात. वेगवेगळ्या अंतरावरच्या कक्षा वेगवेगळ्या गतीने वळत असताना हा कल पुसला कसा जात नाही, हा प्रश्न होता. तोच प्रश्न युरेनसच्या एप्सिलॉन कड्याने गोल्डराइक आणि ट्रिमेन यांना १९७९ मध्ये घातला होता. ते कडे लंबवर्तुळाकार आहे, एका बाजूला २० किलोमीटर रुंद आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या चौपटीहून अधिक, आणि तरी अख्खे एकसंध वळते. दोन्हीकडे उत्तराचा गाभा मालाच्या स्वतःच्या गुरुत्वात आहे. तेच कक्षांना एकमेकींपासून सुटू देत नाही.

युरेनसच्या कड्यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीतून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी तो तारा न्याहाळत होते. ग्रहाआड जाण्याच्या वेळेखेरीज तारा काही सेकंद अंधूक झाला. एखादा नवा उपग्रह आड आला असावा असा अर्थ लावून त्यांनी तसे 'नेचर'मध्ये कळवले. हिंदी महासागरावर उडणाऱ्या कायपर वेधशाळा-विमानातून जेम्स एलियट यांच्या चमूला असे अनेक खळगे दिसले, ग्रहाच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने, आणि ती कडी ठरली. कावलूरची नोंद खरीच होती. जोडीदार खळगा हाती नसल्यावर उपग्रह म्हणण्यात अतर्क्य काही नव्हते.

ढकलले जाणारे ग्रह

उपग्रह कड्यात तरंग उठवतो तेव्हा कडेही उपग्रहाला उलट ढकलते. १९८० मध्ये गोल्डराइक आणि ट्रिमेन यांनी या देवघेवीचा हिशेब पुरा केला आणि शेवटी सहज म्हणावे तसे गुरूला लावून पाहिला. सूर्याभोवती वायूची तबकडी होती तेव्हा गुरूची कक्षा काही हजार वर्षांत लक्षणीय सरकली असती, असे उत्तर आले. ग्रह जिथे जन्मतात तिथेच राहतात, असे त्या काळी बहुतेक सगळे धरून चालत. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फिरणारा, गुरूच्या जातीचा ग्रह सापडला. इतक्या जवळ तो जन्मणे अवघड होते. तो तिथे पोहोचला कसा याचे गणित पंधरा वर्षे आधी, शनीच्या कड्यांच्या निमित्ताने तयार झालेले होते.

फटींचेही तसेच. 'ए' कड्यातल्या एंके फटीच्या कडा नागमोडी आहेत हे पाहून कुझी आणि जेफ्री स्कार्गल यांनी १९८५ मध्ये आत उपग्रह असलाच पाहिजे असे सांगितले. १९९० मध्ये मार्क शोवॉल्टर यांनी व्हॉयेजरची नऊ वर्षे जुनी चित्रे पुन्हा उपसली आणि तो शोधला: पॅन, जेमतेम २८ किलोमीटरचा, ३२५ किलोमीटरची फट राखून असलेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्मा दुर्बिणींनी एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याच्या तबकडीचे चित्र दिले. त्यातली वर्तुळाकार काळी पट्टी न् पट्टी पाहून अनेकांना पॅनच आठवला. इथे जरा सबुरी हवी. वायूच्या तबकडीत फट पडायला इतरही कारणे असतात आणि प्रत्येक काळ्या पट्टीत ग्रह दडलेला नसतो. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतल्या फटीत मात्र दोन ग्रह प्रत्यक्ष दिसले आहेत.

पॅनहून लहान, किलोमीटरभरही नसलेली ढेकळे पूर्ण फट पाडू शकत नाहीत. ती आपल्या पुढे-मागे विमानाच्या पंख्यासारखा आकार उमटवतात. कॅसिनीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना वैमानिकांची नावे दिली. सगळ्यांत मोठ्याचे नाव ब्लेरियो. वर्षानुवर्षे त्याचा माग काढल्यावर दिसले की त्याची कक्षा सरकते, पण एकाच दिशेने नाही. कधी आत, कधी बाहेर. पाठ्यपुस्तकातला ग्रह तबकडीत शिस्तीने घरंगळतो, ब्लेरियो भरकटतो. खऱ्या तबकड्यांतले नवजात ग्रह यांपैकी कुणासारखे वागतात, हा प्रश्न अजून खुला आहे. भरकटणाऱ्यांची संख्या मोठी असेल असे माझे मत.

अलकनंदा

कडे सगळे शिकवू शकत नाही. त्यात वायूचा दाब नाही, तबकडी ढवळणारे चुंबकीय क्षेत्र नाही, आणि शनीच्या इतक्या जवळ ढेकळे जमून मोठा उपग्रह होऊ शकत नाही. कृष्णविवराच्या तबकडीत तर सगळाच मामला वेगळा. जीआरएस १९१५+१०५ या जोडताऱ्यातल्या कृष्णविवराकडे भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाने पाहिले. त्यावरचे लॅक्सपीसी हे क्ष-किरण उपकरण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनलेले. क्ष-किरणांची सेकंदाला ६७ ते ७२ वेळा होणारी थरथर त्याने टिपली, आणि ही वारंवारता स्थिर नसून बदलते हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सेकंदाला सत्तर वेळा या घाईच्या मानाने शनीचे कडे मुंगीच्या पावलाने जाते. तिथे तबकडीचे चित्र मिळत नाही, फक्त थरथर मिळते. तिचा अर्थ लावणे अजून चालू आहे.

दीर्घिकांच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे, आणि तिची ताजी बातमी नाशिकपासून फार लांबची नाही. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. दीर्घिकांतला हायड्रोजन कुठे किती आणि कोणत्या वेगाने फिरतो हे त्या मोजतात. त्या चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक दीर्घिका शोधली. शोधनिबंध २०२५ मध्ये 'अॅस्ट्रॉनॉमी अँड अॅस्ट्रोफिजिक्स'मध्ये आला. दीर्घिकेचे नाव अलकनंदा. तिचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो तो विश्व दीड अब्ज वर्षांचे होते तेव्हाचा. समोर आबेल २७४४ हा दीर्घिकांचा समूह आहे. त्याच्या गुरुत्वाने प्रकाश वाकून चित्र मोठे झाले. दीर्घिका ३०,००० प्रकाशवर्षे रुंद, दोन ठळक सर्पिल भुजा, वर्षाला साठ सूर्यांएवढे नवे तारे.

इतक्या लवकर अशी नीटस तबकडी असायला नको होती. त्या काळच्या दीर्घिका धुमसत्या, गुठळ्यागुठळ्यांच्या असतील, तबकडी थंड व्हायला आणि तिच्यात तरंग उठायला बराच काळ जाईल, असा सर्वसाधारण समज होता. अलकनंदेला त्यासाठी काही दशकोटी वर्षेच मिळाली. भुजा कशा आल्या? एक शक्यता घनता-तरंगाची. थंड वायू बाहेरून शांतपणे येत राहिला, टूम्रे यांचे गुणोत्तर खाली उतरले, तबकडी तरंग वाहण्याइतकी निवली. दुसरी शक्यता, जवळून गेलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेने भरतीसारखी ओढ देऊन भुजा उठवल्या. पण तशा भुजा लवकर विरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्या आपल्याला दिसाव्यात हा योगायोग मानावा लागेल.

शनीच्या कड्यात असा प्रश्न आला की उपग्रहांच्या फेऱ्यांची यादी काढायची आणि तरंगाच्या जागेशी जुळवायची. अलकनंदेभोवती अशी यादी नाही. तिथे ठरवणारी मोजणी दुसरी आहे: तबकडीतला वायू शिस्तीत फिरतो की खळबळतो. वायूच्या वेगांचा नकाशा जेम्स वेबच्या वर्णपटमापकातून आणि आल्मातून काढता येईल. खळबळ कमी निघाली तर घनता-तरंगाची बाजू बळावेल, जास्त निघाली तर शेजारून गेलेल्या पाहुणीचा माग काढावा लागेल.